अमेरिकेत पहिल्यांदा कॉन्सर्टला जाताय? तिकिटापासून घरी पोचेपर्यंत काय काय बघायचं

ऑगस्टमध्ये मास्टर्सची नवीन बॅच येते, आणि दोन-तीन आठवड्यांत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला मेसेज पडतो की अमुक गायक आपल्या शहरात येतोय, कोण कोण येणार, तिकीट कुठून काढायचं, पासपोर्ट न्यायचा का. मग उत्तरं येतात ती अर्धी ऐकीव असतात. मी इथे बरीच वर्षं राहतोय, मोठ्या स्टेडियमपासून छोट्या क्लबपर्यंत सगळीकडे गाणं ऐकायला जातो, आणि नवीन मुलांना हे सगळं तोंडी सांगत आलोय, म्हणून आता एकदा नीट लिहून काढतो.

आधी एक सांगतो, घाबरून घरी बसू नका. लहानपणापासून ज्यांची गाणी मोबाईलवर ऐकली ते लोक समोर गाताना बघणं ही इथे राहण्यातली मोठी गोष्ट आहे. फक्त क्रम उलटा ठेवा, म्हणजे रात्री घरी कसं येणार ते आधी ठरवा आणि मगच तिकीट काढा. बहुतेक गडबडी गाणं चालू असताना होत नाहीत, त्या संपल्यावर रात्री साडेअकरा-बाराला पार्किंग लॉटमध्ये होतात.

१. आधी परत यायचं बघा

गूगल मॅपवर जागा शोधा आणि नावावर जाऊ नका. मेटलाइफ स्टेडियममध्ये न्यूयॉर्कच्या टीम खेळतात पण ते आहे न्यू जर्सीत ईस्ट रदरफर्डला. खूप ठिकाणं अशी शहराबाहेर हायवेच्या कडेला असतात, तिथे फूटपाथसुद्धा नसतो, त्यामुळे 'दोनच मैल तर आहे, चालत जाऊ' हे रात्री अजिबात करू नका.

शेवटची ट्रेन किती वाजता आहे ते बघा. न्यूयॉर्कची सबवे रात्रभर चालते, पण सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात बार्ट ही तिथली लोकल ट्रेन साधारण मध्यरात्रीला बंद होते, आणि बऱ्याच शहरांत शेवटची बस त्याच्याही आधी जाते. उबर आणि लिफ्ट (Lyft) या अ‍ॅपवरच्या टॅक्सी असतात पण शो सुटल्यावर हजारो लोक एकाच वेळी गाडी मागवतात, त्यामुळे जाताना २० डॉलर लागले असतील तर येताना ८० लागू शकतात. यावर साधा उपाय म्हणजे शेवटची दोन गाणी सोडून निघा, किंवा उलट शो संपल्यावर उजेडात, लोकांमध्ये तास-पाऊणतास थांबा, भाव खाली येतो. ग्रुपमध्ये कोणी गाडी घेऊन येणार असेल तर तो त्या रात्री एक थेंबही पिणार नाही हे आधीच बोलून घ्या, 'एक बिअर चालते' वगैरे नको.

२. तिकीट

मोठ्या शोंची तिकिटं बहुतेक टिकेटमास्टर किंवा एएक्सएसवर असतात. टिकेटमास्टर आणि लाइव्ह नेशन २०१० मध्ये एकत्र आले, आणि मे २०२४ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने त्यांच्यावर मक्तेदारीचा खटला भरला, त्यामुळे तिकिटं महाग का यावर इथले लोक चिडून बोलतात ते उगाच नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेलर स्विफ्टच्या टूरच्या प्रीसेलला साइटच झोपली होती आणि पुढे सेनेटमध्ये त्यावर सुनावणी झाली. आता एक बरं झालंय, १२ मे २०२५ पासून फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाने सगळ्या फी धरून पूर्ण किंमत आधीच दाखवावी लागते. आधी ६० डॉलरचं तिकीट शेवटच्या पानावर ८५ चं व्हायचं.

आता सगळ्यात मोठा सापळा ऐका. शो सोल्डआउट झाला की फेसबुकवर, इन्स्टावर, युनिव्हर्सिटीच्या ग्रुपमध्येसुद्धा 'माझं एक तिकीट शिल्लक आहे, घरी इमर्जन्सी आली, फेस व्हॅल्यूला देतो' असे मेसेज येतात. त्यातले खूप खोटे असतात, आणि कधी कधी तर खऱ्या ओळखीच्या माणसाचं अकाउंट हॅक करून पाठवलेले असतात. ओळखायचं कसं, तर तो माणूस घाई करतो आणि झेल, व्हेन्मो अशा पैसे पाठवायच्या अ‍ॅपवर, म्हणजे झेलने किंवा व्हेन्मोवर फ्रेंड्स अँड फॅमिलीतून पैसे मागतो. हे पैसे एकदा गेले की परत मिळणं जवळपास अशक्य असतं. स्क्रीनशॉट पाठवतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा, कारण मोठ्या शोंच्या तिकिटाचा बारकोड अ‍ॅपमध्ये सारखा बदलत असतो, स्क्रीनशॉटवर गेटवर आत सोडत नाहीत. तिकीट त्याच अ‍ॅपमधून तुमच्या अकाउंटला ट्रान्सफर होऊन आलं तरच ते तिकीट. आणि पैसे क्रेडिट कार्डाने द्या, काही घोळ झाला तर बँकेकडे तक्रार करता येते.

बजेट नसेल तरी वाईट वाटून घेऊ नका. शिकागोच्या मिलेनियम पार्कमध्ये आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये उन्हाळ्यात कितीतरी शो फुकट असतात. नॅशव्हिलला ब्रॉडवेवर हॉन्की टॉन्क म्हणतात ते बार आहेत, तिथे दुपारपासून लाइव्ह बँड असतो, बहुतेक ठिकाणी आत जायला पैसे नाहीत, फक्त बँडच्या बादलीत टिप टाकायची. ती मात्र टाका, त्या लोकांचं पोट त्याच्यावर आहे.

३. सोबत काय न्यायचं

ओळखपत्र, खरं आणि हातात धरता येईल असं. पासपोर्टचा फोटो दाखवून बारवाले दारू देत नाहीत. पण मूळ पासपोर्ट गर्दीत नेणं मला पटत नाही, हरवला तर कॉन्सुलेटचे फेरे सुरू होतात. त्यामुळे इथे आल्यावर पहिल्या एक-दोन महिन्यांतच स्टेट आयडी किंवा लायसन्स काढा. त्याला पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (देशात आल्याची सरकारी नोंद), आय-२० (युनिव्हर्सिटीने दिलेला विद्यार्थ्याचा फॉर्म) आणि पत्त्याचा पुरावा लागतो, काही राज्यांत सोशल सिक्युरिटी नंबर किंवा तो नसल्याचं पत्र लागतं. आय-९४ ची प्रिंट मात्र पाकिटात ठेवा, १८ वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा कायदा आहे. पासपोर्ट आणि आय-२० चे फोटो फोनमध्ये ठेवा आणि एका विश्वासातल्या माणसाकडेही पाठवून ठेवा.

बॅग पारदर्शक लागते. स्टेडियममध्ये साधारण १२ बाय ६ बाय १२ इंचापर्यंतची क्लिअर बॅग चालते, किंवा तळहाताएवढी छोटी पर्स. कॉलेजची सॅक नेली तर गेटवरून परत पाठवतात आणि बॅग ठेवायला आसपास काही नसतं. प्रत्येक जागेचा नियम त्यांच्या साइटवर असतो, तो आदल्या दिवशी वाचा.

पॉवर बँक, हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड, रोजचं औषध असेल तर ते मूळ बाटलीत ज्यावर तुमचं नाव आहे, आणि कागदावर दोन फोन नंबर, कारण फोन बंद पडला की आपल्याला स्वतःच्या रूममेटचा नंबरही पाठ नसतो. खिशात पेन नाइफ, पेपर स्प्रे (मिरचीचा फवारा) असं काही असेल तर घरी काढून ठेवा.

आणि इअरप्लग. हे कोणी सांगत नाही म्हणून मी जोर देऊन सांगतो. कामगारांच्या आरोग्यासाठीची इथली सरकारी संस्था नायॉश म्हणते की ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो, आणि पुढे प्रत्येक तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होत जाते. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. रॉक किंवा ईडीएमचा (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकचा) शो सहज १०० च्या वर जातो आणि चालतो दोन-तीन तास. ढोलताशा पथकात वाजवलेल्यांना कानात शिट्टी वाजणं म्हणजे काय हे माहीत असेलच. संगीतासाठीचे वेगळे इअरप्लग मिळतात, २०-३० डॉलरला, त्यातून गाणं स्वच्छ ऐकू येतं फक्त हळू. गेलेला कान परत येत नाही हो.

४. आत गेल्यावर आधी दुसरं दार शोधा

२० फेब्रुवारी २००३ ला ऱ्होड आयलंडमध्ये वेस्ट वॉरिकच्या स्टेशन नावाच्या क्लबमध्ये बँडच्या फटाक्यांनी भिंतीवरच्या फोमला आग लागली आणि १०० माणसं गेली. दारं एकापेक्षा जास्त होती, पण बहुतेक लोक ज्या दाराने आत आले त्याच दाराकडे धावले आणि तिथे अडकले. माणूस ओळखीच्या रस्त्याकडेच पळतो. म्हणून आत शिरल्यावर ड्रिंक घ्यायच्या आधी, सेल्फीच्या आधी, लाल किंवा हिरवी एक्झिटची पाटी अजून कुठे आहे ते बघा आणि ग्रुपला दाखवा. चुकामूक झाली तर भेटायची जागाही तेव्हाच ठरवा, कारण इतक्या लोकांत नेटवर्क बसतं.

५. गर्दी

आपल्याला वाटतं की लक्ष्मी रोडची विसर्जन मिरवणूक बघितलीय, विरारची लोकल पकडलीय, अमेरिकेतली गर्दी काय चीज आहे. हाच समज धोक्याचा आहे. ५ नोव्हेंबर २०२१ ला ह्यूस्टनमध्ये ट्रॅव्हिस स्कॉटच्या अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड फेस्टिव्हलमध्ये सुमारे ५० हजार लोक होते, त्यात १० जण मेले, आणि ते तुडवले जाऊन नाही तर दाबले जाऊन, उभ्या उभ्या. छातीला फुगायला जागाच राहत नाही आणि श्वास थांबतो. त्याआधी १९७९ मध्ये सिनसिनाटीला 'द हू' बँडच्या शोला दारं उघडताना ११ लोक असेच गेले होते. गर्दी वाईट वागल्यामुळे हे होतं असं नाही, जागा आणि दारं कमी पडली, आयोजकांनी वेळेत थांबवलं नाही, की होतं.

तिकिटावर जनरल अ‍ॅडमिशन किंवा पिट लिहिलं असेल म्हणजे खुर्ची नाही, उभं राहायचं. पहिल्या शोला मी तरी बाजूला किंवा मागे उभं राहा म्हणेन, स्टेजच्या अगदी समोर, बॅरिकेडच्या कोपऱ्यात नको. शेजारचे लोक चारही बाजूंनी अंगाला लागायला लागले आणि आपले हात वर घेता येईनात, तर तीच निघायची वेळ आहे, 'अजून दोन गाणी' नको. अडकलात तर हात बॉक्सरसारखे छातीपुढे घ्या म्हणजे फुफ्फुसाला जागा राहते, पाय घट्ट ठेवा, लाटेविरुद्ध ढकलू नका, लाट ओसरली की तिरकं तिरकं कडेकडे सरका. काही खाली पडलं तर वाकू नका, फोन असला तरी. आणि कोणी पडलं तर आधी त्याला उचला, आसपासच्यांना ओरडून सांगा. मॉश पिटमध्येसुद्धा, म्हणजे स्टेजसमोर लोक एकमेकांवर आदळत नाचतात तिथेही, हा नियम सगळे पाळतात, फार चांगला नियम आहे.

उन्हातला फेस्टिव्हल असेल तर पाणी, टोपी, सावली. उंचीवरची जागा असेल तर आणखी जपा, कोलोरॅडोचं रेड रॉक्स साडेसहा हजार फुटांच्या जवळ आहे, तिथे पायऱ्या चढताना दम लागतो आणि दारूही लवकर चढते.

६. बंदुकीची भीती

घरून आई-बाबा हाच प्रश्न विचारतात. १ ऑक्टोबर २०१७ ला लास व्हेगासमध्ये कंट्री म्युझिकच्या फेस्टिव्हलवर हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरून गोळीबार झाला, त्यात ५८ जण गेले आणि पुढे तो आकडा ६० झाला. अशी घटना तुमच्याच शोला व्हायची शक्यता फार कमी आहे, पण या देशात राहायचं तर काय करायचं हे माहीत असावं. इथे शाळेपासून शिकवतात ते तीन शब्द लक्षात ठेवा: रन, हाइड, फाइट. आधी पळा, सामान सोडून. पळता येत नसेल तर काँक्रीटसारख्या भक्कम गोष्टीमागे लपा आणि फोन सायलेंट करा. लढायचं अगदी शेवटी, दुसरा काही मार्गच नसेल तर. पोलीस आले की हात वर आणि रिकामे दिसू द्या, त्यांच्याकडे धावत जाऊ नका. मोठा आवाज फटाक्याचा आहे का बघू असं म्हणून उभे राहू नका, आधी सरका, फटाका निघाला तर परत या.

७. दारू, गांजा आणि व्हिसा

हा भाग नीट वाचा, कारण इथे अमेरिकन मित्राचं जे निभावतं ते आपलं निभावत नाही.

दारूचं वय संपूर्ण देशात २१ आहे. दुसऱ्याचा आयडी दाखवणं किंवा २१ च्या खालच्या रूममेटला आपल्या ग्लासातून देणं, दोन्ही गुन्हे आहेत. गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे, युटा राज्यात ०.०५. दारू पिऊन चालवताना नुसती अटक झाली, अजून कोर्टात काही सिद्ध नाही झालं, तरी तेवढ्यावर व्हिसा रद्द होऊ शकतो. भारतात सुट्टीला गेलात की परत यायला नवीन व्हिसा, मेडिकल तपासणी, सगळं आलं.

गांजा खूप राज्यांत कायदेशीर आहे, दुकानात रांग लावून मिळतो, शोमध्ये वासच वास असतो. पण केंद्राच्या कायद्यात तो अजूनही बंद आहे आणि इमिग्रेशन केंद्राच्या हातात आहे. एफ-१, एच-१बी, अगदी ग्रीन कार्ड असलं तरी लांब राहा, आणि गांजाचे फोटो फोनमध्ये किंवा इन्स्टावर टाकू नका. गमी किंवा ब्राउनी कोणी दिली तर त्यात काय आहे ते विचारा, त्यात गांजा असू शकतो. त्याचा परिणाम अर्धा तास ते दोन तासांनी दिसतो, म्हणून लोक 'काहीच होत नाही' म्हणून दुसरी खातात आणि मग हालत खराब होते.

पावडर आणि गोळ्या तर पूर्ण नाहीच. आता बाजारातल्या खोट्या गोळ्यांमध्ये फेंटानिल हे फार तीव्र अमली औषध मिसळलेलं असतं आणि त्याचा अगदी थोडा डोसही जीव घेतो. कोणी बेशुद्ध दिसला, ओठ निळे, श्वास घरघरतोय किंवा थांबलाय, तर ९११ लावा. नारकॅन नावाचा, अशा ओव्हरडोसवर उतारा म्हणून नाकात मारायचा स्प्रे मार्च २०२३ पासून प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला परवानगी आहे, बऱ्याच कॅम्पसवर फुकट देतात, एक घरात असू द्या. 'पोलीस येतील' म्हणून फोन टाळू नका. जवळपास सगळ्या राज्यांत मदतीला बोलावणाऱ्याला संरक्षण देणारा गुड समॅरिटन कायदा आहे, आणि समोर माणूस मरत असताना बाकी हिशोब नंतरचे.

आपला ग्लास स्वतः घ्या, हातात ठेवा, टेबलावर विसरला तर सोडून द्या. मुलींनाच नाही, मुलांनाही सांगतोय. एकाच ड्रिंकने कोणी अचानक लडखडायला लागलं तर त्याला एकटं सोडू नका, फर्स्ट एडच्या तंबूत न्या. तिथले लोक मदत करायला असतात, ओरडायला नाही.

८. वागणं

रॅप शोला जाताय तर हे खास. गाण्यात एन-वर्ड (काळ्या लोकांसाठीची जुनी शिवी) असतो, पूर्ण पब्लिक म्हणतं, तुम्ही तो शब्द गिळा. मे २०१८ मध्ये अलाबामातल्या हँगआउट फेस्टिव्हलमध्ये केंड्रिक लमारने एका गोऱ्या मुलीला स्टेजवर गायला बोलावलं, तिने तो शब्द उच्चारला आणि त्याने गाणं थांबवलं. आपण गोरे नाही म्हणून आपल्याला चालतं असं काही जणांना वाटतं, ते चूक आहे. त्या शब्दामागे गुलामगिरीचा इतिहास आहे आणि तो आपला नाही. आपल्याकडे जातीवरून बोललेले शब्द किती खोल लागतात हे ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं समजवायला नको.

बाकी, रांगेत चिकटून उभं राहू नका, ओळख नसलेल्या मुलीचा व्हिडिओ काढू नका, नाचताना हात लावायच्या आधी विचारा, नाही म्हणाली तर हसून बाजूला व्हा. आणि तुम्हाला कोणी हात लावला किंवा रंगावरून काही बोललं तर गप्प बसायची गरज नाही, पण हाणामारीत पडू नका, कारण अटक झाली की पुन्हा व्हिसाचा प्रश्न. सिक्युरिटीला सांगा. मोठ्या स्टेडियममध्ये तक्रारीसाठी टेक्स्ट करायचा नंबर स्क्रीनवर दाखवतात, तो आल्या आल्या सेव्ह करा.

९. बाहेर पडल्यावर

उबरमध्ये बसण्याआधी नंबर प्लेट, गाडीचा रंग, ड्रायव्हरचा फोटो जुळवा, आणि 'तू कोणाला न्यायला आलायस' असं त्यालाच विचारा, तुम्ही आपलं नाव सांगू नका. २०१९ मध्ये साउथ कॅरोलायनात एक विद्यार्थिनी चुकून दुसऱ्याच गाडीत बसली आणि तिचा खून झाला, तेव्हापासून हा प्रश्न इथे सगळीकडे शिकवतात. अ‍ॅपमध्ये पिनची सोय आहे, ती चालू करा, आणि ट्रिप मित्राला शेअर करा.

स्वतःच्या गाडीने जात असाल आणि मागे पोलिसाचे दिवे लागले तर उजवीकडे सुरक्षित जागी थांबा, आतला लाइट लावा, काच खाली करा, दोन्ही हात स्टिअरिंगवर. आपल्याकडे मामाने थांबवलं की आपण उतरून बोलायला जातो, इथे उतरू नका. तो जवळ येईपर्यंत कप्प्यात किंवा खिशात हात घालू नका, लायसन्स मागितलं की आधी सांगा कुठे आहे आणि मग हळू काढा. पैसे देऊन मिटवायचा विचारही नको. अटक झालीच तर भांडू नका, खोटं बोलू नका, 'मला वकील पाहिजे' एवढं स्पष्ट सांगा आणि भारतीय कॉन्सुलेटला कळवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

१०. दुसऱ्या दिवशी

कानातली शिट्टी एक-दोन दिवसांत गेली नाही तर युनिव्हर्सिटीच्या हेल्थ सेंटरला दाखवा. फोन किंवा पाकीट हरवलं असेल तर त्या जागेच्या लॉस्ट अँड फाउंडला लगेच मेल करा, कार्ड मात्र रात्रीच ब्लॉक करा. आय-९४ ची नवी प्रिंट साइटवरून कधीही निघते.

आणि रात्री कोणी जबरदस्ती केली असेल, किंवा काय झालं ते आठवतच नसेल, तर अंघोळ करायच्या, कपडे धुवायच्या आधी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. तिथे पुरावा गोळा करायची तपासणी होते, आणि सज्ञान व्यक्तीला त्यासाठी पोलिसांत तक्रार करायची सक्ती नाही, ते नंतर ठरवता येतं. लैंगिक अत्याचार झालेल्यांना मदत करणाऱ्या रेन (RAINN) नावाच्या संस्थेची हेल्पलाइन २४ तास असते, १-८००-६५६-४६७३. मन फारच खचलं असेल तर ९८८ वर फोन किंवा टेक्स्ट करा. घरी सांगायला जमत नसेल तर सीनियरला सांगा, मंडळातल्या एखाद्या ताईला सांगा, रात्री तीनला फोन केला तरी कोणी रागावत नाही.